चौऱ्याऐंशी खण

सारजू सुतार रंधा घेऊन आला
त्या दिवशी दुकान अर्धंच उघडं होतं
आणि बाबा एकेक खण उपसून त्याच्यापुढे ठेवत होते,
केस कापायला पोरं रांगेत बसवावी तसे.

प्रत्येक खणाच्या कपाळावर
आजोबांच्या हातचं काजळीचं अक्षर.
ज्येष्ठमध. दालचिनी. सुकवलेली संत्र्याची साल.
बाकीच्यांना जावानीत नावच नव्हतं.
हुकूम जकार्त्याचा:
पाटीवर, कागदावर चिनी लिपी दिसता कामा नये.
खणांचा त्यात उल्लेख नव्हता.
ते आमच्या ठाणेदारानं पदरचं घातलं.

आईनं सालपटं झाडू दिली नाहीत.
लिहिलेलं पायदळी येऊ नये म्हणून
ती कुरळी सालपटं सारोंगच्या ओच्यात गोळा केली,
मागच्या अंगणात उदाच्या भांड्यात जाळली.
मी आठ वर्षांची.
धुरात मला संत्रं ओळखू आलं, बाकी काही नाही.

त्याच महिन्यात आमचीही नावं काढली.
थे ग्वान सिंगचा तेगुह गुनावान,
मी ल्वान होते, लस्तारी झाले.
कारकून भला माणूस, म्हणाला,
"थे आहे की आत, तेगुहमध्ये. नीट ऐका."
बाबांनी नीट ऐकलं.
शुल्क भरलं, पावती घडी करून खिशात घातली.
(तोच कारकून संध्याकाळी खोकल्याची पुडी न्यायला आला,
आणि बाबांना जुन्याच नावानं हाक मारून
स्वतःच दचकला.)

मग बाबांनी मला नाकानं शिकवलं.
डोळ्यांना फडकं बांधून,
सातव्या रांगेतला तिसरा, सांग.
नाव कानात सांगायचे, हळू,
बाहेर सायकल थांबली की तेवढंही नाही.
अशी मला चौऱ्याऐंशी नावं येतात
आणि एकाचाही चेहरा माहीत नाही.

औषधशास्त्राच्या परीक्षेला शेजारची वागिना पेन घेऊन गेली.
मी पेन, आणि नागरिकत्वाच्या दाखल्याच्या सात नकला,
सातही शिक्का मारलेल्या.
बाबा जुवानात जन्मले, आजोबा जुवानात,
पणजोबा इथल्याच नदीत बुडाले.
नदीनं प्रेत परत दिलं, दाखला नाही.

एकदा सिंगापूरहून परतताना विमानात तक्ता भरला:
सोबत आहे काय?
शस्त्रं. अफू. चिनी छापील मजकूर.
मी तिन्हीपुढे नाही लिहिलं.
पर्समध्ये वाताच्या तेलाची बाटली होती,
तिचा कागद मी खिडकीशी बसून
नखानं खरवडत होते.

मग ते सरकार गेलं.
एका फेब्रुवारीत बाजारातून सिंह नाचत गेला, ढोल, झांजा,
आणि बाबा दाराआडून बघत राहिले.
"या बाहेर, आता चालतं," वागिना ओरडली.
ते आले, पण चप्पल घालायला त्यांनी फार वेळ लावला.

माझी फेलिशा सेमारांगला मँडरिन शिकते.
सुट्टीत ब्रश, शाई घेऊन आली: आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते.
त्यांनी खण ओढला, वास घेतला,
म्हणाले, तान फी.
तिला ते कळेना. तिच्या वर्गात त्याला छन फी म्हणतात.
मोबाइलमध्ये शोधून तिनं लिहिलं, सुरेख, तिरकं न होता.
बाबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.
अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं,
पण निम्म्या रेघा नव्हत्या.

"आता असंच लिहितात, आजोबा. सोपं केलंय."

त्यांनी बोट फिरवलं, शाई ओली होती.
"यालाही रंधा मारला?"

तो एकच खण लिहिलेला आहे.
त्यावर त्यांच्या बोटाचा फराटा आहे, तो मी पुसत नाही.
त्र्याऐंशी कोरे.
सर्वांत खालच्या रांगेत, कोपऱ्यात,
नागकेशराच्या खणात मी तो दाखला ठेवलाय.
आता लागत नाही, असं कायदा म्हणतो.
गेल्या मंगळवारी फेलिशाच्या पासपोर्टला
खिडकीतल्या बाईनं तोंड वर न करता मागितला.
मी दिला.
तिनं तो हातात घेतला, आणि शिंकली.